कुंभकोणमचे पानक

पानकम् करायला चूल पेटवावी लागत नाही. गूळ चेचून त्याच्या सुमारे चौपट पाण्यात विरघळवायचा, पातळ फडक्यातून गाळून त्यातला कचरा काढायचा, मग सुंठ आणि वेलदोड्याची पूड, लिंबाचा रस, चिमूटभर मिरपूड आणि तुळशीची चार पाने घालायची. देवाच्या नैवेद्याचे असेल तर वर कणभर भीमसेनी कापूर. मातीच्या मडक्यात ते थोडा वेळ झाकून ठेवले की सुंठेचा तिखटपणा गुळात उतरतो आणि पेय आपोआप गार होते. तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणममध्ये रामनवमीला घरोघर आणि देवळादेवळांत हे पानकम् होते. त्याच्याबरोबर दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक नीर्मोर, म्हणजे भरपूर पाणी घालून पातळ केलेले ताक. दुसरी वडैपरुप्पु, म्हणजे भिजवलेल्या मुगाच्या डाळीत काकडी, ओले खोबरे आणि कैरीचे तुकडे घालून केलेली न शिजवलेली कोशिंबीर.

महाराष्ट्रात याच महिन्यात चैत्रगौरीचे हळदीकुंकू चालू असते. तिथेही ताटात तीन गोष्टी ठरलेल्या: कैरीचे पन्हे, आंब्याची डाळ आणि भिजवलेले हरभरे. एकीकडे मूग, दुसरीकडे हरभरा. एकीकडे लिंबू, दुसरीकडे कैरी. बाकी मांडणी तीच. गुळाचे आंबटगोड पाणी आणि भिजवलेली डाळ ही जोडी कावेरीच्या काठी आणि गोदावरीच्या काठी एकाच महिन्यात एकाच कारणासाठी वाटली जाते. नावही वेगळे नाही. संस्कृत ‘पानक’ तमिळमध्ये पानकम् म्हणून जवळजवळ जसेच्या तसे राहिले, आणि मराठीतले पन्हे त्याच कुळातले, बोलीतून झिजून आलेले. कुंभकोणमची गोष्ट मराठी वाचकाला जवळची वाटते ती यासाठीही की १६७६ ते १७९९ या काळात या गावावर तंजावरच्या भोसल्यांचे राज्य होते आणि त्या काळात वसलेली मराठी घराणी आजही तिथे आहेत.

‘पानक’ हा शब्द पुष्कळ जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अन्नपानाचा विचार करताना पानकांचा वेगळा उल्लेख येतो. गुळाचे पानक, मग ते आंबट असो वा नसो, पचायला जड आणि मूत्रल मानले आहे. द्राक्षांचे पानक दाह, तहान आणि मूर्च्छा यांवर सांगितले आहे, तर फालसा आणि बोर यांच्या पानकांना हृद्य म्हटले आहे. मद्यांचा वर्ग या पेयांपासून निराळा ठेवलेला आहे. फळाचा रस मुरवला, आंबवला की तो आसव किंवा मद्य होतो. ताजा असताना पाणी, गोडी आणि मसाला घालून घेतला तर तो पानक. हा भेद धर्मशास्त्राइतकाच व्यवहाराचा होता. बौद्ध विनयपिटकात भिक्षूंना आठ पेयांची मुभा आहे. आंबा, जांभूळ, दोन जातींची केळी, मध, द्राक्षे, कमळाचा कंद आणि फालसा यांची ही पेये दुपारनंतर, म्हणजे जेवण निषिद्ध असलेल्या वेळीही घेता येत. पुढे इतर फळांच्या रसांनाही परवानगी मिळाली, धान्याच्या रसाला मात्र नाही. उपवासाच्या दिवशी पोटाला आधार देणारे आणि तरीही जेवण न ठरणारे पेय हे पानकाचे काम तेव्हापासूनचे आहे. कुंभकोणममध्ये रामनवमीचा उपवास करणारा माणूस पानकम् पितो तेव्हा तोच नियम पाळतो.

दख्खनमध्ये या पेयांचा सर्वांत नीट लेख सापडतो तो कल्याणीच्या चालुक्यांकडे. राजा सोमेश्वर तिसरा याने ११३० च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या उपभोगांची मोजदाद आहे आणि त्यात अन्नाबरोबरच पाणी आणि पानक यांना स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत. दूध आंबटाने फाडायचे, त्याची निवळी घ्यायची, साखर आणि वेलची घालून ती स्वच्छ होईपर्यंत कापडातून पुन्हा पुन्हा गाळायची, असा एक प्रकार त्यात येतो. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, महाराष्ट्राच्या सीमेपासून हाकेच्या अंतरावर. गाळणे हा पानकाचा प्राण आहे, हे या जुन्या वर्णनातून स्पष्ट होते. आजही कुंभकोणममध्ये गूळ कितीही स्वच्छ दिसला तरी तो फडक्यातून गाळल्याशिवाय पानकम् होत नाही.

पण पानकाला खरा मान दिला तो साहित्यशास्त्राने. विभाव, अनुभाव, व्यभिचारी भाव हे वेगवेगळे घटक एकत्र येऊन रस कसा निर्माण होतो, हे समजावताना काश्मीरच्या आचार्यांनी पानकाचा दाखला घेतला. गूळ, मिरी, आंबट आणि सुगंध हे एकेकटे चाखले तर त्यांची चव ओळखू येते. पानकात ती मिसळली की जी चव येते ती यांपैकी कशाचीच नसते, आणि तरी सगळ्यांची असते. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त हा ‘पानकरसन्याय’ येतो. मिश्रपेयाची याहून नेमकी व्याख्या कुठल्याही पाककृतीच्या पुस्तकात मिळणार नाही. कुंभकोणम हे शतकानुशतके संस्कृत पंडितांचे गाव होते. तिथल्या पाठशाळांत अलंकारशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हा न्याय समजायला फार कष्ट पडले नसणार. चैत्रात तो त्याच्या हातातल्या भांड्यातच असे.

गावाचे नावच एका भांड्यावरून आले आहे. प्रलयाच्या वेळी सृष्टीची बीजे आणि अमृत भरलेला कुंभ पाण्यावर तरंगत आला, इथे टेकला, शिवाने बाण मारून तो फोडला आणि अमृत वाहून जिथे साचले तिथे महामहम तलाव झाला, अशी स्थलपुराणाची कथा आहे. दर बारा वर्षांनी, गुरू सिंह राशीत असताना माघी पौर्णिमेच्या सुमारास या तलावात स्नानाचा मोठा मेळा भरतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थही गुरू सिंहेत आल्यावरच भरतो. म्हणून २०१५-१६ मध्ये नाशिकचा सिंहस्थ चालू असतानाच फेब्रुवारी २०१६ मध्ये कुंभकोणमला महामहम झाला. तलावाभोवतीचे सोळा मंडप तंजावरच्या नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षित यांनी उभारले असे मानतात. अमृताच्या कथेने ओळखल्या जाणाऱ्या गावात पेयाला धार्मिक महत्त्व यावे, यात नवल नाही.

हवामानानेही तेच केले. कुंभकोणम कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसले आहे, तरी चैत्र ते ज्येष्ठ या महिन्यांत दोन्ही पात्रे कोरडी पडतात. कावेरीचे पाणी नैऋत्य मोसमी पावसावर अवलंबून. १९३४ मध्ये मेट्टूरचे धरण झाल्यापासून १२ जून ही पाणी सोडण्याची रूढ तारीख झाली. म्हणजे रामनवमीपासून जूनपर्यंतचे दोन-अडीच महिने रखरखीत. घामातून पाणी आणि क्षार जातात, भूक मरते, दुपारी जेवण नकोसे होते. अशा वेळी गुळातली साखर पाण्याबरोबर आतड्यात लवकर शोषली जाते, सुंठ पोट सांभाळते आणि सोबतचे नीर्मोर मीठ पुरवते. साखर आणि मीठ एकत्र असले की आतडे पाणी अधिक वेगाने शोषते, हे शास्त्राने १९६० च्या दशकात दाखवले आणि त्यावरच जलसंजीवनी उभी राहिली. पानकम् आणि नीर्मोर एकामागून एक देणाऱ्या गृहिणींना त्यामागचे रसायन माहीत असण्याची गरज नव्हती. उन्हातून आलेल्या माणसापुढे आधी गूळ-पाणी ठेवणाऱ्या मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या घरालाही ती नव्हती.

पानकम्‌च्या घटकांचा माग काढला तर गावाभोवतीचा सगळा व्यापार दिसतो. ऊस कावेरीच्या खोऱ्यातलाच. गुळाला तमिळमध्ये वेल्लम म्हणतात. साच्यातला तो अच्चु वेल्लम, हाताने वळलेला उरुंडै वेल्लम. महाराष्ट्रातल्यासारख्या मोठ्या ढेपा तिथे दिसत नाहीत. वेलदोडा, मिरी आणि सुंठ पश्चिम घाटातून येत. सगळ्यांत लांबून येई तो कापूर. पूजेतला आजचा कारखान्यात बनवलेला कापूर खाण्याचा नाही. खाण्याचा कापूर तमिळमध्ये पच्चै कर्पूरम्, मराठीत भीमसेनी. त्याचा मूळ वृक्ष सुमात्रा आणि बोर्निओच्या जंगलातला. सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावरचे बारूस हे त्याचे नामांकित बंदर, आणि त्याच्याजवळ लोबू तुआ येथे तमिळ व्यापारी श्रेणीचा १०८८ सालचा तमिळ शिलालेख सापडला आहे. त्या काळात चोळांची एक राजधानी, पळैयारै, कुंभकोणमला लागूनच होती आणि नागपट्टणमचे बंदर तिथून दूर नव्हते. देवाच्या पानकात पडणाऱ्या कणभर कापरामागे समुद्रापलीकडचा हा एवढा मोठा व्यवहार होता.

रामनवमी आणि पानकम् यांची सांगड कुंभकोणममध्ये विशेष घट्ट होण्याचे कारण रामस्वामी मंदिर. तंजावरचा रघुनाथ नायक याने सतराव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशात ते बांधले. गाभाऱ्यात राम आणि सीता एकाच आसनावर बसलेले, लक्ष्मण, भरत, शत्रुघ्न सेवेला, आणि हनुमान एका हातात वीणा व दुसऱ्या हातात रामायणाची पोथी घेऊन बसलेला. चैत्रात इथे रामनवमीचा मोठा उत्सव होतो. नायकांच्या नंतर व्यंकोजी राजे भोसले यांनी तंजावर घेतले, तेव्हा हे मंदिर उभे राहून जेमतेम पन्नास वर्षे झाली होती. महाराष्ट्रातून आलेल्या माणसांना रामाचा उत्सव नवा नव्हता. समर्थ रामदासांच्या शिष्यपरंपरेने तंजावर आणि मन्नारगुडी परिसरात मठ स्थापले आणि रामनवमीचे नऊ दिवस हा त्या मठांचा मुख्य सोहळा. पन्हे पिणारे लोक पानकम् पिणाऱ्यांच्या गावी आले आणि दोघांचा देव, महिना आणि नैवेद्य एकच निघाला. यापेक्षा सोपे स्वागत कुठल्याच स्थलांतरिताला मिळालेले नसेल.

मराठी घराण्यांनी कुंभकोणममध्ये चांगले बस्तान बसवले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणमच्याच देशस्थ ब्राह्मण घराण्यात झाला. या घरांत बोलली जाणारी मराठी तमिळच्या सहवासात वेगळ्या वळणाची झाली आणि स्वयंपाकघरातही तसेच झाले: चिंच, कढीपत्ता आणि नारळ आले, पुरणपोळी आणि भरीत राहिले.

तंजावरच्या मराठी दरबाराने अन्नपानावर लिहूनही ठेवले. व्यंकोजींच्या राणी दीपाबाई यांचा आश्रय लाभलेले रघुनाथ गणेश नवहस्त हे रामदासी परंपरेशी जवळीक असलेले पंडित. त्यांनी सतराव्या शतकाच्या शेवटच्या पावशतकात ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. धान्ये, भाज्या, फळे, दूध, दही, ताक, पाणी यांचे गुणदोष त्यात जुन्या वैद्यकग्रंथांच्या आधाराने एकत्र केले आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे प. कृ. गोडे यांनी या ग्रंथाचा काळ आणि कर्ता यांचा शोध घेतला, म्हणून तो अभ्यासकांसमोर आला. दुसरा ग्रंथ सरफोजी राजे दुसरे (राज्यकाल १७९८-१८३२) यांच्या नावाशी जोडलेला मराठी ‘शरभेंद्र पाकशास्त्र’. तो तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने छापला. या दोन पुस्तकांकडे मराठी अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही, आणि ही खरी उणीव आहे.

राजांच्या आणि श्रीमंतांच्या दानधर्मातून पेय घराबाहेर आले. वाटसरूला पाणी देणारी पाणपोई महाराष्ट्राला ओळखीची आहे. तमिळमध्ये तिला तण्णीर पंदल, पाण्याचा मांडव, म्हणतात. असे मांडव चालवण्यासाठी जमिनी लावून दिल्याच्या नोंदी चोळकालीन शिलालेखांत आहेत. माडाच्या झावळ्यांचे छप्पर, खाली वाळूत रोवलेले रांजण, एका रांजणात पाणी आणि सणाच्या दिवशी शेजारच्या रांजणांत नीर्मोर आणि पानकम्, असे त्याचे रूप. तंजावरच्या मराठ्यांनी रामेश्वरच्या वाटेवर छत्रे बांधली. ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र त्यांतले सर्वांत मोठे. सरफोजी राजांनी १८०१ मध्ये तंजावरचा रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला लिहिलेल्या पत्रात या छत्रांचे वर्णन आहे: कोणत्याही जातीचा वाटसरू आला तरी त्याला अन्न मिळे, मध्यरात्री घंटा वाजवून कोणी जेवायचे राहिले आहे का हे विचारले जाई, आजारी पडलेल्याला औषध आणि पथ्य दिले जाई. राज्य ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेल्यावरही छत्रांच्या उत्पन्नाला हात लागू नये, हा त्या पत्राचा हेतू होता.

पण मिळणे आणि सारखेच मिळणे यांत फरक होता. ओंजळीत वरून पाणी ओतणे, भांडे ओठाला न लावता पिणे, वेगळ्या रांगा, वेगळी भांडी हे सगळे कावेरीकाठी होते, तसे महाडच्या चवदार तळ्याच्या गावीही होते. काठ बाहेर वळलेला पितळी पेला, ज्यातून धार थेट तोंडात सोडता येते, तो याच सोवळ्याच्या गरजेतून घडला. भांड्यांसाठी कुंभकोणम आजही प्रसिद्ध आहे. पितळ, तांबे आणि कासे यांचे काम करणारे कारागीर तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. प्रवासात पाणी किंवा दूध न्यायचा झाकणाचा कूजा हा तिथल्या बाजारातला जुना जिन्नस. महाराष्ट्रातल्या फिरकीच्या तांब्याचा तो भाऊच.

रोजच्या पेयाचा इतिहास मात्र पानकाचा नाही. सणाला गूळ, रोज ताक आणि सकाळी नीराहारम्, असे कावेरीच्या खोऱ्यातल्या बहुतेक घरांचे मान होते. रात्रीच्या उरलेल्या भातात पाणी घालून ठेवले की सकाळी ते पाणी किंचित आंबते. त्यात ताक, मीठ, कांदा घालून शेतकरी, मजूर आणि ब्राह्मण सगळेच ते घेत. कोकणातली पेज आणि देशावरची आंबील यांच्या जवळचे हे पेय. आषाढाच्या सुमारास येणाऱ्या आडि महिन्यात मारियम्मनच्या देवळापुढे नाचणी किंवा बाजरीची पातळ कांजी मोठ्या हंड्यांतून वाटतात, तीही त्याच जातीची.

नीराहारम् हे सकाळचे पेय एका पिढीत हटवले ते कॉफीने. बाबा बुदन यांनी अरबस्तानातून बिया आणल्याची कथा जुनी असली तरी कॉफीचे मळे मोठ्या प्रमाणावर लागले ते एकोणिसाव्या शतकात, ब्रिटिश मळेवाल्यांच्या हातून, कूर्ग, वायनाड आणि निलगिरीत. आधी ती निर्यातीसाठी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या पहिल्या दोन-तीन दशकांत ती तमिळ मध्यमवर्गाच्या घरात आली. ए. आर. वेंकटाचलपती यांनी या बदलाचा इतिहास लिहिला आहे. त्यांच्या अभ्यासातून दिसते की नीराहारम् सोडून कॉफी घेणे म्हणजे घराणे बिघडणे, असे तेव्हाच्या लेखकांना आणि वडीलधाऱ्यांना मनापासून वाटत होते. बायकांना कॉफीचे व्यसन लागले अशी तक्रार विशेष जोरात होती. तरी कॉफी थांबली नाही, आणि काही दशकांतच आल्यागेल्याला कॉफी न विचारणे हा अपमान ठरू लागला.

कुंभकोणमचे नाव या कॉफीला चिकटले ते ‘डिग्री कॉफी’ म्हणून. करण्याची रीत अशी: पितळेच्या दोन मजली फिल्टरच्या वरच्या भांड्यात ताजी दळलेली पूड, वर दाबपट्टी, त्यावर उकळते पाणी. थेंब थेंब करून खालच्या भांड्यात दाट अर्क जमतो. त्याला सगळे डिकॉक्शन म्हणतात. त्यातला थोडा अर्क पेल्यात, वर पाणी न घातलेले, नुकतेच तापवलेले दूध आणि साखर. पेला ठेवायला पसरट काठाचा डबरा. पेल्यातून डबऱ्यात आणि डबऱ्यातून पेल्यात हातभर उंचीवरून दोन-चार वेळा ओतले की साखर विरघळते, फेस येतो आणि कॉफी पिण्याजोगी होते. पुडीत चिकोरी असतेच. भाजलेल्या मुळाची ही पूड युरोपात नेपोलियनच्या काळी कॉफीच्या टंचाईत रूढ झाली होती. दक्षिणेत ती स्वस्ताईसाठी आली आणि अर्क दाट करते म्हणून राहिली. आजच्या नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात चिकोरी ४९ टक्क्यांहून जास्त असता कामा नये. चांगली घरे आणि हॉटेले तिचे प्रमाण याच्या निम्म्याहूनही कमी ठेवतात.

‘डिग्री’ शब्दाचे तीन अर्थ सांगितले जातात. पहिला असा की दुधात पाणी आहे का हे लॅक्टोमीटरने पाहत आणि त्यावर उतरलेले दूध ते डिग्रीचे दूध. दुसरा, पहिल्या पाण्याचा अर्क तो पहिल्या डिग्रीचा, दुसऱ्यांदा पाणी घालून काढलेला त्यापेक्षा उतरता. तिसरा, ‘चिकोरी’ हाच शब्द बोलता बोलता ‘डिग्री’ झाला. तिसरा ऐकायला गमतीदार, पण पटणारा नाही, कारण या कॉफीची कीर्ती चिकोरीसाठी नाही. ती दुधासाठी आहे. गावोगावच्या हॉटेलांत दुधात पाणी घालणे सर्रास असताना, पाणी न घातलेल्या दुधाची हमी हीच विकायची गोष्ट होती. म्हणून पहिला अर्थ सर्वांत सबळ वाटतो. कावेरीच्या खोऱ्यातला हिरवा चारा, घरोघरची गाय आणि डोळ्यांदेखत काढलेले दूध हे कुंभकोणमचे भांडवल होते.

कॉफीने नव्या जागाही घडवल्या. कॉफी क्लब आणि कॉफी हॉटेले बहुधा ब्राह्मण मालकीची असत आणि पुष्कळ ठिकाणी ब्राह्मणांसाठी वेगळी खोली किंवा पडदा असे. पाणपोईवरची जुनी विषमता या टेबलांवर पुन्हा येऊन बसली. पेरियार यांच्या स्वाभिमान चळवळीने तिच्यावर सातत्याने हल्ला चढवला. १९५७ मध्ये चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागातील एका कॅफेच्या फलकावरचा ‘ब्राह्मण’ हा शब्द काढून टाकण्यासाठी झालेले सत्याग्रह प्रसिद्ध आहेत. एक पेला कॉफी कुणाशेजारी बसून प्यायची, हा प्रश्न तमिळ समाजात राजकीय होता, आणि तो तसा झाला हे बरेच झाले.

वर आलेली मद्य आणि निर्मद्य यांतली रेषा किती बारीक आहे, हे ताडाचे झाड दाखवते. ताडाच्या फुलोऱ्याला छेद देऊन खाली मडके बांधतात. मडक्याला आतून चुना फासला असेल तर रस आंबत नाही. तो गोड रस म्हणजे पदनीर, मराठीतली नीरा. चुना नसेल तर काही तासांत त्याची ताडी होते, तमिळमध्ये कळ्ळु. एकच झाड, एकच मडके, मधे फक्त चुन्याचा थर. राजगोपालाचारींच्या मंत्रिमंडळाने १ ऑक्टोबर १९३७ पासून सेलम जिल्ह्यात दारूबंदी सुरू केली आणि १९४८ पर्यंत ती सगळ्या मद्रास प्रांतात लागू झाली. ताडी काढणाऱ्यांपुढे उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला. पदनीर आणि ताडगूळ यांना उत्तेजन देणे, हे त्याचे उत्तर होते. महाराष्ट्रातली नीरा केंद्रे त्याच विचारातून निघाली. दारूबंदी पुढे तमिळनाडूत उठली, परत लागली, पुन्हा उठली. उन्हाळ्यात रस्त्याकडेला ताडाच्या पानाच्या द्रोणातून पदनीर देणारे विक्रेते मात्र अजून दिसतात.

बाटलीतल्या पेयांबद्दल थोडक्यात सांगता येईल. हायरम कॉड याने १८७२ मध्ये इंग्लंडात पेटंट घेतलेली गोटीची बाटली तमिळनाडूत गोली सोडा म्हणून रुळली. गुलाबपाण्याच्या वासाचा सोडा तिथे पन्नीर सोडा. तमिळमध्ये पन्नीर म्हणजे गुलाबपाणी, पनीरशी त्याचा संबंध नाही. विरुदुनगरला १९१६ मध्ये सुरू झालेल्या काळीमार्क या कंपनीसारखे देशी उद्योग अनेक दशके टिकले. जल्लिकट्टूच्या आंदोलनानंतर राज्यातल्या व्यापारी संघटनांनी १ मार्च २०१७ पासून परदेशी शीतपेये न विकण्याचे आवाहन केले, तेव्हा त्यांना नवे दिवस आले. नन्नारी सरबत त्याहून जुने. उपळसरीच्या, म्हणजे अनंतमुळाच्या मुळ्यांचा पाक, लिंबू आणि भिजवलेला सब्जा असे ते असते. ज्याला पानकाचे घटक ठाऊक आहेत त्याला त्याची ओळख पटायला वेळ लागत नाही.

आज चेन्नई-तिरुचिरापल्ली महामार्गावरून जाताना ‘कुंभकोणम डिग्री कॉफी’ अशा पाट्या ओळीने लागतात. त्यांतल्या बहुतेकांचा कुंभकोणमशी पितळी पेल्यापुरताच संबंध आहे. पानकाला असे भाग्य आले नाही, कारण ते विकले जात नाही. ते करून वाटायचे असते. पण त्यामुळेच ते धोक्यातही आहे. कॉफीची रीत हॉटेलात टिकेल, पानकाची रीत घर आणि देऊळ यांखेरीज कुठेच नाही. तंजावर-कुंभकोणमच्या मराठी घरांत पन्हे आणि पानकम् यांच्यामध्ये कुठे काय जुळले, कैरी कधी येते आणि लिंबू कधी, नैवेद्याच्या भांड्यात कापूर किती, हे सांगू शकणाऱ्या स्त्रिया आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याकडून ते मराठीत लिहून घ्यायला हवे, आणि पुढच्या चैत्रातच घ्यायला हवे.